ग्रानाडा : पाटाच्या पाण्यावर वाढलेलें शहर

स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया नांवाचा प्रांत आहे. सेव्हिल, कोर्दोबा आणि ग्रानाडा हीं त्यांतलीं तीन शहरें पाहिल्यावांचून स्पेनची सहल पुरी झाली असें कोणी मानीत नाहीं. त्यांपैकीं ग्रानाडाच्या वांट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळीं गाडींतून उतरावें, टेकडीवरील अल्हाम्ब्रा राजवाडा पाहावा, दुपारीं चार चित्रांचीं कार्डें विकत घ्यावीं आणि संध्याकाळीं पुढच्या गांवची वाट धरावी, असा पुष्कळ प्रवाशांचा शिरस्ता आहे. राजवाडा पाहून ते तृप्त होतात यांत नवल नाहीं. परंतु तो राजवाडा ज्याच्या जिवावर उभा राहिला ती वस्तु त्यांच्या नजरेंतून निसटते. ती वस्तु म्हणजे पाणी. राजवाडा, जुनी वस्ती, बाजारांतली भाजी आणि मागच्या डोंगरांतलीं खेडीं हीं सारीं पाण्याच्या दोऱ्यांत ओवलेलीं आहेत. तो दोरा हातीं धरून शहर पाहावयाचें तर तीन-चार दिवस सहज लागतात. आज मी आपणांस तोच दाखविणार आहे, आणि तो कोठें कोठें विरत चालला आहे हेंहि सांगणार आहे.

शहराच्या पाठीशीं सिएर्रा नेवाडा, म्हणजे हिमाची डोंगररांग, उभी आहे. तिचें मूलासेन हें शिखर सुमारें ३,४८० मीटर उंच असून स्पेनच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच शिखर दुसरें नाहीं. गंमत अशी कीं भूमध्य समुद्र तेथून चाळीस किलोमीटरांच्याहि आंत आहे. शहरांत वर्षाचा पाऊस चारशें मिलिमीटरांच्या खालींच, आणि जुलै-ऑगस्टांत तर आभाळाकडे पाहण्याची सोय नाहीं. पावसाळा म्हणून वेगळा ऋतु नसलेल्या या मुलखांत शेती व्हावी कशी? तर हिंवाळ्यांत डोंगरावर सांचलेलें बर्फ उन्हाळ्यांत वितळून खालीं येतें, तें अडवावें, वळवावें आणि पाळीपाळीनें वांटून घ्यावें. ज्याला आपण पाट म्हणतों त्याला स्पॅनिश भाषेंत 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. पाण्याच्या टाक्याला 'आल्खिबे' आणि रहाटाला 'नोरिया' म्हणतात. तेहि शब्द अरबीच. मुसलमानांचें राज्य १४९२ मध्यें गेलें, मागाहून त्यांची भाषा आणि धर्महि गेला. पाण्याचे शब्द मात्र शेतकऱ्यांच्या तोंडीं राहिले.

इ. स. १२३८ मध्यें नास्र घराण्यांतील पहिला मुहंमद यानें ग्रानाडा आपली राजधानी केली आणि दार्रो नदीच्या डाव्या तीरावरील टेकडीवर किल्ला व राजवाडा बांधण्यास आरंभ केला. जागा संरक्षणाला उत्तम. पण टेकडी कोरडी, आणि नदी खालीं खोल दरींत. पाणी वर उपसण्याऐवजीं त्याच्या माणसांनीं निराळीच युक्ति योजिली. नदीच्या उगमाच्या दिशेनें सुमारें सहा किलोमीटर वर गेलें म्हणजे तिचें पात्रच टेकडीच्या माथ्याहून उंच होतें. तेथें बांध घालून त्यांनीं पाणी वळविलें, आणि डोंगराच्या कडेकडेनें अगदीं अल्प उतार ठेवीत तें टेकडीवर आणून सोडलें. हा 'आसेकिया रेआल', म्हणजे राजाचा पाट. याहूनहि उंच जमिनीला पाणी पाजण्याची वेळ आली तेव्हां मात्र रहाट बांधावा लागला. त्या कामाचे अवशेष आजहि तेथें आहेत.

हें ठाऊक असलें म्हणजे अल्हाम्ब्रा पाहण्याचा क्रमच बदलतो. बहुतेक लोक प्रथम महालांकडे धांवतात. माझा सल्ला असा कीं, तिकिटावरील वेळ जुळत असल्यास आधीं खेनेरालिफे या राजांच्या उन्हाळी बागेंत जावें, कारण पाणी स्वतः त्याच वाटेनें येतें. बागेच्या वरच्या अंगाला एक जिना आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी कोरलेल्या असून त्यांतून पाणी वाहत असतें. कठड्यावर हात ठेवावा तों तो पाण्यांत पडतो. वर झाडांची दाट सांवली, टप्प्याटप्प्यावर लहान कारंजीं, आणि भर दुपारीं तेथें भासणारा गारवा! उकाड्यावर इतका साधा आणि इतका सुंदर उपाय मीं दुसरीकडे कोठें पाहिलेला नाहीं.

बागेंतून पाट एका लहानशा पुलावरून किल्ल्यांत शिरतो आणि तेथून महालांना, हमामखान्यांना, बागांना वांटला जातो. महालांतील दोन चौक मुख्य. पहिल्या चौकांत मेंदीसारख्या कुंपणाच्या दोन रांगांमध्यें एक लांबट हौद आहे. त्यांतलें पाणी जवळजवळ निश्चल असतें, म्हणून समोरचा बुरूज त्यांत उलटा उभा दिसतो. हौदाच्या दोन्ही टोकांना गोल संगमरवरी थाळ्यांतून पाणी सावकाश सोडलेलें आहे. दुसरा चौक सिंहांचा. तो पांचव्या मुहंमदानें चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधविला. १२४ सडपातळ खांबांच्या मध्यभागीं बारा संगमरवरी सिंह पाठीवर एक मोठें पात्र घेऊन उभे आहेत, आणि त्या पात्राच्या कडेवर इब्न झम्रक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. हौद आणि कारंजें पाहून झाल्यावर मग मान वर करून छताकडे पाहावें. मधाच्या पोळ्यासारख्या त्या नक्षीचें वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाहीं. तेथें शब्द नुसते दमतात.

याच टेकडीवर बादशहा पांचव्या चार्ल्सनें १५२७ मध्यें आपला स्वतःचा राजवाडा आरंभिला. बाहेरून चौकोनी, आंतून वर्तुळाकार. शिल्पशास्त्राचे अभ्यासक त्याची वाखाणणी करतात आणि तिला कारणहि आहे. परंतु सिंहांच्या चौकांतून त्या गोल चौकांत पाऊल टाकलें कीं पहिली जाणीव होते ती त्याच्या कोरडेपणाची. दगड आहे, प्रमाणबद्धता आहे, थोरपणाहि आहे. नाहीं तें फक्त पाणी. १८१२ मध्यें माघार घेतांना फ्रेंच सैन्यानें किल्ल्याचे कित्येक बुरूज सुरुंगानें उडवून दिले. ज्या बुरुजापाशीं पाट किल्ल्यांत शिरतो तोहि त्यांतच सांपडला. पुढें १८२९ त अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग या मोडक्या महालांत कांहीं महिने राहिला आणि १८३२ मध्यें त्यानें अल्हाम्ब्राच्या कथांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून येथें जी रीघ लागली ती आजतागायत.

त्या रीघेमुळें एक व्यावहारिक सूचना करणें भाग आहे. महालांत दर अर्ध्या तासाला सुमारें तीनशेंच माणसें सोडतात. आंत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली तर आर्जवांचा उपयोग होत नाहीं. तिकिटें कित्येक आठवडे आधीं संपतात, तीं नांवानिशीं असतात आणि पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. तेव्हां विमानाच्या तिकिटाआधीं अल्हाम्ब्राचें तिकीट पाहावें, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं. टेकडीवर लहान बसगाड्या जातात, पण गुडघे धड असतील त्यानें डाळिंबांच्या वेशींतून पायींच चढावें. ग्रानाडा या शब्दाचा स्पॅनिश अर्थच डाळिंब. शहराच्या मुद्रेवरहि डाळिंब आहे. वेशीच्या आंत दाट झाडी असून रस्त्याच्या कडेच्या पन्हळींतून पाणी खळखळत आपल्याला सामोरें येत असतें.

आतां नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर जाऊं. 'नदी ओलांडून' हे शब्द मी जपून वापरतों, कारण शहराच्या मध्यावर दार्रो नदी कोणाला दिसतच नाहीं. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत तिच्यावर टप्प्याटप्प्यानें कमानी टाकून चौक आणि हमरस्ता बांधला गेला. ज्या प्रवाहानें राजवाडा पोसला त्याच्याच डोक्यावरून आज गाड्या धांवतात. चौकाच्या वरच्या अंगाला मात्र ती उघडी आहे, आणि तिच्या कांठचा तो अरुंद रस्ता ग्रानाडांतील सर्वांत मनोहर रस्ता होय. तेथेंच अकराव्या शतकांतला एक जुना हमाम आहे. आंत अंधार, आणि छताच्या ताराकृति झरोक्यांतून पडलेले उन्हाचे कवडसे. १५६७ मध्यें राजाज्ञेनें जुन्या मुसलमानांच्या वंशजांना अरबी भाषा, त्यांचा पोषाख आणि असे हमाम या तिन्ही गोष्टींची बंदी करण्यांत आली. ते लोक तोंवर नांवानें ख्रिस्ती झालेलेच होते. स्नान हें संशयाचें कारण ठरलें. पुढल्याच वर्षीं डोंगरांत बंड पेटलें. त्याचा परिणाम काय झाला तें डोंगरांत गेल्यावर सांगेन.

या दुसऱ्या टेकडीवरील वस्तीचें नांव आल्बाइसीन. पांढरीं घरें, वांकडेतिकडे बोळ, आणि उंच भिंतींआडच्या बागा असलेलीं 'कार्मेन' नांवाचीं घरें. सॅन निकोलास देवळासमोरच्या सज्जावरून अल्हाम्ब्रा आणि त्यामागचीं हिमशिखरें एका दृष्टिक्षेपांत येतात, म्हणून सूर्यास्ताला तेथें गर्दी उसळते. सकाळीं आठ वाजतां गेल्यास तोच देखावा आपल्या एकट्याचा! येथें फिरतांना विटांच्या लहानशा कमानी आणि त्यांआड बंद दारें दिसतील; तीं सार्वजनिक टांकीं. अशीं पंचवीसएक टांकीं अद्याप शाबूत आहेत. त्यांचें पाणी आल्फाकार गांवच्या मोठ्या झऱ्यापासून आयनादामार नांवाच्या पाटानें येत असे. हा पाट राजाच्या पाटाहूनहि जुना, अकराव्या शतकांतला. आयनादामार म्हणजे आंसवांचा झरा.

ते नांव विसाव्या शतकांत अंगावर कांटा आणणारें ठरलें. कवि आणि नाटककार फेदेरीको गार्सिया लोर्का हा याच ग्रानाडाचा. १८९८ मध्यें शहराच्या पश्चिमेस सपाटींत फुएंते वाकेरोस या गांवीं त्याचा जन्म झाला. १९३६ च्या ऑगस्टांत, यादवी युद्ध सुरू होऊन महिना झाला असतां, त्याला पकडून वीस्नार व आल्फाकार या गांवांच्या दरम्यान गोळ्या घालण्यांत आल्या. ती जागा त्या झऱ्यापासून आणि त्या पाटापासून हांकेच्या अंतरावर आहे. त्याचें शव कधींच सांपडलें नाहीं. २००९ मध्यें केलेलें उत्खननहि निष्फळ ठरलें. जवळच्याच वीस्नारच्या घळींत २०२१ पासून जें उत्खनन झालें त्यांत मात्र शंभराहून अधिक माणसांचे अवशेष हातीं आले. अर्ध्या दिवसांत आल्फाकारला जाऊन येतां येतें. गांव पावाबद्दल प्रसिद्ध आहे, झऱ्याचें पाणी नितळ आहे, आणि कवीच्या स्मरणार्थ केलेली बाग शांत आहे. लोर्का कुटुंबाचें उन्हाळी घर शहरांतच आहे, तेंहि चुकवूं नये. त्याच्या काळीं तें पाटाच्या पाण्यावरच्या मळ्यांत होतें. आज एका उद्यानाच्या मध्यें आहे आणि भोंवतीं उंच इमारतींचा वेढा पडला आहे. शहरानें आपली सुपीक सपाटी कशी गिळली हें कळण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाहीं.

कॅथीड्रल आणि त्याला लागून असलेलें राजा फेर्नांदो व राणी इसाबेल यांचें समाधिमंदिर पाहण्यास एक सकाळ पुरे. त्यानंतर जेवणाचा विचार.

येथें दुपारचें जेवण दोन वाजण्यापूर्वीं आणि रात्रींचें नऊपूर्वीं मिळण्याची आशा धरूं नये. मधल्या वेळीं पोटाला आधार देते ती 'तापा', म्हणजे पेयाबरोबर येणारी लहान बशी. स्पेनच्या बहुतेक शहरांत तिचे पैसे पडतात, ग्रानाडांत मात्र ती फुकट देण्याची रीत अद्याप टिकून आहे. आणि मद्य न घेणाराला लिंबाच्या पेयाबरोबरहि ती बहुतेक ठिकाणीं मिळते. अडचण एवढीच कीं, बशींत काय यावें हें दुकानदार ठरवितो. शाकाहारी माणसानें 'मांस नको' एवढें सांगून भागत नाहीं, कारण डुकराचें खारवलेलें मांस, ज्याला ते 'खामोन' म्हणतात, तें पुष्कळांच्या हिशेबीं मांसांत मोडतच नाहीं. हिरव्या पावट्यासारख्या शेंगांच्या दाण्यांची येथली प्रसिद्ध भाजीहि त्याचे तुकडे घालूनच होते. म्हणून 'खामोन नको' हे दोन शब्द निराळे पाठ करावे. बटाट्याच्या चकत्या, कांदा आणि ढोबळी मिरची ऑलिव्हच्या तेलांत मंदाग्नीवर शिजवून केलेला 'गरिबांचे बटाटे' हा पदार्थ मात्र निर्धास्तपणें मागावा. मिठाईची इच्छा झाल्यास पश्चिमेकडे दहा-बारा किलोमीटरांवर सांता फे हें गांव आहे. कोलंबसाच्या सफरीचा करारनामा १७ एप्रिल १४९२ रोजीं तेथेंच झाला. परंतु स्थानिक लोक अधिक अभिमान बाळगतात तो पिओनोनोचा, म्हणजे पाकांत भिजविलेल्या एका चिमुकल्या गुंडाळी केकचा.

पण मला अधिक बोलावयाचें आहे तें वांग्याविषयीं. वांग्याच्या पातळ काचऱ्या पिठांत घोळवून तळतात आणि वर काकवी सोडतात. होय, उसाचीच काकवी! ग्रानाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर ऊस अरबांनीं आणिला आणि त्याचे मळे पाटाच्याच पाण्यावर हजारएक वर्षें चालले. स्पॅनिशमधील 'आसूकार' हा शब्द अरबी 'सुक्कर'वरून आला, आणि तो मूळ आपल्या 'शर्करे'चा. म्हणजे वांगें, साखर आणि साखरेचें नांव या तिन्ही वस्तु आपल्याकडून निघून, इराण आणि अरबस्तान ओलांडून, त्या बशींत एकत्र आल्या आहेत. त्या किनाऱ्यावरील शेवटचा साखर कारखाना २००६ मध्यें बंद पडला. काकवी आतां शेजारच्या मालागा जिल्ह्यांतील फ्रिखिलियाना गांवाहून येते.

आतां उरला एक दिवस. तो डोंगरासाठीं राखून ठेवावा. सिएर्रा नेवाडाच्या दक्षिण उतारावरील मुलखाला आल्पुखार्रा म्हणतात. ग्रानाडाहून बसगाडीनें दोन तासांत पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा या तीन खेड्यांपाशीं पोहोंचतां येतें. एकाच दरीच्या अंगावर तीं एकावर एक चढत गेलीं आहेत. कापिलेइरा सर्वांत वरचें, सुमारें चौदाशें मीटरांवर. घरांवर कौलें नाहींत. लांकडी तुळयांवर दगडी फरशा आणि त्यांवर करड्या मातीचा थर चोपून केलेलीं सपाट छपरें पाहून देशावरच्या माणसाला धाब्याच्या घरांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

या उतारावर पाटांचें जें जाळें आहे त्यांतला एक प्रकार फार विलक्षण आहे. साधा पाट पाणी शेतावर नेतो. हा पाट तें जमिनींत मुरवितो. वसंतांत बर्फ वितळूं लागलें कीं दोन हजार मीटरांच्या आसपास, जेथें दगड भेगाळ आहे तेथें, पाट मुद्दाम फोडून पाणी पसरूं देतात. तें आंत झिरपतें, डोंगराच्या पोटांतून सावकाश उतरतें, आणि कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं, ऐन उन्हाळ्यांत, खालच्या गांवांच्या झऱ्यांना फुटतें. तेथील लोक याला 'पाणी पेरणें' म्हणतात. धरण नाहीं, यंत्र नाहीं. डोंगर हाच हौद.

ही विद्या एकदां जवळजवळ बुडाली होती. मघाशीं सांगितलेलें बंड १५६८ पासून १५७१ पर्यंत चाललें. तें मोडल्यावर जुन्या रहिवाशांना उचलून स्पेनच्या इतर भागांत विखरून टाकलें आणि उत्तरेकडून नवे लोक आणून वसविले. नव्यांना शेतीची माहिती होती, पाटांची नव्हती. म्हणून प्रत्येक गांवीं जुन्यांपैकीं दोन कुटुंबें ठेवून घेतलीं, अशी कथा आल्पुखार्रांत अजून सांगतात. १६०९ पासून तर मुसलमानांच्या सर्वच वंशजांना स्पेनबाहेर घालविण्यांत आलें. पाणी मात्र नव्यांच्या हातून जुन्या वाटेनें वाहत राहिलें.

दुसरें संकट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलें, आणि तें कोणाच्या हुकुमानें आलें नाहीं. तरुण माणसें कामासाठीं शहरांत गेलीं, पाट साफ करावयास हात उरले नाहींत, आणि ज्याच्यावर एक वर्ष फावडें फिरलें नाहीं तो पाट दगडमातीनें बुजतो. वरचा पाट बुजला कीं खालचा झरा आटतो. पण तो आटतो सावकाश, त्यामुळें कारण लक्षांत येईपर्यंत गांवांतला पाटकरी म्हातारा झालेला असतो. कोणत्या दगडाशीं पाणी फोडावें हें त्याच्याच डोक्यांत असतें, कागदावर कोठेंच नाहीं. ग्रानाडा विद्यापीठांतील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनीं २०१४ पासून गांवकरी आणि स्वयंसेवक विद्यार्थी यांना जमवून असे बुजलेले पाट पुनः वाहते करण्याचें काम हातीं घेतलें आहे. आयनादामारचाहि कांहीं भाग त्यांनीं हातीं घेतला. पुरातत्त्वाचे पंडित कुदळ घेऊन जुनी वस्तु काचेच्या कपाटांत ठेवण्याऐवजीं ती पुनः कामाला लावतात, हें दृश्य मला अल्हाम्ब्राच्या छताइतकेंच पाहण्याजोगें वाटतें.

प्रवाशाला यांतलें काय पाहतां येईल? कापिलेइराहून वर जाणाऱ्या पायवाटांवर वाहते पाट लागतात. त्यांच्या कांठानें तासभर चाललें तरी पुरे. मे आणि जून हे महिने त्यासाठीं उत्तम, कारण तेव्हां पाणी भरपूर असतें आणि ऊन सोसवतें. उतरतांना तिन्ही गांवें पायींच घ्यावीं. वाट चेस्टनटच्या झाडींतून आहे आणि घसरण फारशी नाहीं. पांपानेइराच्या एका उतरत्या गल्लीच्या मधोमध दगडी पन्हळ आहे आणि तिच्यांतून डोंगराचें पाणी घरांच्या दारांवरून धांवत जातें. परतीची शेवटची गाडी बहुधा संध्याकाळींच सुटते. तिची वेळ सकाळींच विचारून ठेवावी, आणि जूनमध्येंहि शाल बरोबर असूं द्यावी.